रुपयाचा लगाम कोणाच्या हाती?

घरात एक रुपयाची नोट जपून ठेवलेली असेल तर ती काढा आणि तिच्याशेजारी दहा रुपयांची नोट ठेवा. आता दोन्ही नीट वाचा. दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आहे, आणि नोट बाळगणाऱ्याला दहा रुपये देण्याचे वचन मी देतो, अशा अर्थाचा मजकूर आहे. एकच्या नोटेवर असले वचन नाही. तिच्यावर भारत सरकारचे नाव आहे आणि सही आहे ती केंद्राच्या अर्थसचिवांची. एक रुपयाची नोट कायद्याने नाण्यासारखीच मानतात. ती सरकार काढते. बाकीच्या नोटा रिझर्व्ह बँक काढते.

वर्गात हा प्रयोग केलात तर एखादा चुणचुणीत मुलगा विचारल्यावाचून राहायचा नाही, "गुरुजी, ही दहाची नोट घेऊन मी बँकेत गेलो आणि वचन पाळा म्हणालो, तर काय देतील हो?" उत्तर सरळ आहे. दुसरी नोट देतील, नाहीतर दहा रुपयांची चिल्लर देतील. सोने मिळायचे नाही, चांदी मिळायची नाही आणि ज्वारीही मिळायची नाही. कागदी वचनाची फेड कागदी वचनानेच व्हायची. तरीसुद्धा ही काही फसवणूक नव्हे, कारण बाजारातला वाणी त्याच नोटेवर आपल्याला ज्वारी देतो. जोवर तो देतो तोवर नोट खरी.

पण मग अशा नोटा काढायच्या तरी किती? हे ठरवायचे कोणी? आणि ठरविणाऱ्याला आवरायचे कोणी? जगात विचारवंतांचा एक पंथ असा आहे की, त्याने हाच प्रश्न धरून ठेवला आहे. त्यांना आपण व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हणू. सरकारने माणसाच्या देवघेवीत शक्य तितके कमी पडावे, आणि पैसा तर राज्यकर्त्यांच्या मर्जीवर मुळीच सोडू नये, असे त्यांचे म्हणणे. ते सगळे पटलेच पाहिजे असे नाही. परंतु त्यात मजुराच्या मजुरीचा आणि म्हातारपणाच्या पुंजीचा प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून ते समजून घेतले पाहिजे.

आधी पैसा म्हणजे काय ते पाहू. समजा, एका गावात धान्य मोजायला एकच पायली आहे आणि ती एका कारभाऱ्याच्या ताब्यात आहे. हा कारभारी दर वर्षी पायलीच्या तळाला आतून थोडे लाकूड ठोकतो. वरून पायली तशीच दिसते, पण आत दाणे कमी मावतात. सालदाराशी करार झाला होता वर्षाला अमुक पायल्यांचा. त्याला तेवढ्या पायल्या मोजून मिळतात. हिशेबात एक पायली कमी नाही, तरी चैत्र उजाडण्याआधीच घरातली कणगी रिकामी होते. ज्याने दहा पायल्या उसने दिले होते त्याला दहा पायल्याच परत मिळतात, पण धान्य कमी मिळते. ज्याने उसने घेतले होते त्याचा मात्र फायदा होतो. कोणी कोणाच्या घरी चोरी केली नाही, आणि तरीही एकाच्या घरचे दाणे दुसऱ्याच्या घरी गेले.

पैसा हे सगळ्या वस्तूंचे माप आहे. पायलीने फक्त धान्य मोजता येते. रुपयाने धान्य, मजुरी, घरभाडे, मुलीच्या लग्नाचा खर्च, सगळेच मोजायचे असते. म्हणून हे माप लहान झाले की त्याचा फटका घरोघर बसतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कांदा महाग झाला म्हणजे महागाई झाली असे नव्हे. अवकाळी पावसाने कांदा सडला, माल कमी आला, भाव चढला. ती एका पिकाची गोष्ट झाली. लोकांनी कांद्यावर जास्त पैसे घातले की दुसऱ्या कशावर तरी कमी घालतील. पण कांदा, कापड, मजुरी, एस.टी.चे तिकीट, वहीपेन्सिल असे सगळेच वर्षानुवर्षे चढत जाते तेव्हा वस्तूंपेक्षा रुपयाकडे बोट दाखवावे लागते. दरसाल सहा टक्क्यांनी भाव वाढले तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात. चार टक्क्यांनी वाढले तर अठरा वर्षांत. ७२ ला टक्क्यांच्या आकड्याने भागा, की साधारण किती वर्षांत दुप्पट होणार ते कळते. मुलांना हे गणित जरूर घालावे.

भुईमुगाच्या शेंगांचा एक खेळही वर्गात करता येतो. टेबलावर शेंगांचे दहा वाटे मांडा आणि दहा मुलांना एकेक चिठ्ठी द्या. चिठ्ठी म्हणजे पैसा. लिलाव करा. साधारण एका चिठ्ठीला एक वाटा जाईल. दुसऱ्या खेपेला शेंगा तेवढ्याच ठेवा, पण फक्त दोन मुलांच्या हातात गुपचूप पाच-पाच चिठ्ठ्या जादा द्या. आता ती दोघे भाव चढवतात, आधी येऊन वाटे उचलतात, आणि बाकीची मुले आपली एकुलती चिठ्ठी घेऊन बघत राहतात. चिठ्ठ्या वाढल्या म्हणून शेंगा वाढल्या नाहीत. फक्त शेंगा कोणाच्या पदरात पडायच्या ते बदलले.

खऱ्या बाजारातही असेच होते. नवा पैसा पावसासारखा सगळ्यांच्या अंगणात एकदम पडत नाही. तो आधी सरकारच्या हाती येतो, मग ठेकेदाराच्या, मग सिमेंटवाल्याच्या. त्यांना जुन्या भावाने माल मिळतो. तो पैसा फिरत फिरत शेतमजुराकडे आणि निवृत्त शिपायाकडे पोचेपर्यंत भाव वर गेलेले असतात. रिशार कांतियाँ नावाच्या लेखकाने हे अठराव्या शतकात मांडले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली प्रसिद्ध झाला. व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांच्या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी हा मुद्दा आहे. कर बसवायचा तर विधिमंडळात तो मांडावा लागतो, वाद होतो, मते पडतात. नोटा छापल्या की तोच कर कोणालाही न विचारता बसतो, आणि तो बहुधा शेवटच्या रांगेतल्या माणसावर बसतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशी पंडितांचे बोल. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. रुपयाचा लगाम राज्यकर्त्यांच्या हाती असावा की नसावा, या प्रश्नावर एक मोठा ग्रंथ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिला आहे. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचे शिक्षण अर्थशास्त्राचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी तो विषय शिकविलाही होता. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्‌सी. पदवीसाठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, आणि १९२३ साली तो लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला.

त्यांचे म्हणणे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्रजी अमदानीत १८३५ साली १८० ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया देशभर चालू झाला. त्या वेळी नियम असा होता की ज्याच्याजवळ चांदी असेल त्याने ती टांकसाळीत न्यावी, थोडी पाडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत. म्हणजे रुपये किती पडायचे हे सरकार ठरवीत नसे. चांदीचा भाव आणि लोकांची गरज ठरवीत असे. पुढे १८७३ च्या सुमारापासून युरोपातील देश सोन्याच्या नाण्याकडे वळले, चांदी स्वस्त झाली आणि पौंडाच्या हिशेबात रुपया घसरू लागला. सरकारला विलायतेत पेन्शने, व्याज वगैरे पौंडात भरावे लागे. ते जड जाऊ लागले. म्हणून १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. रुपया पुढेही चांदीचाच राहिला, पण आता तो किती पाडायचा हे सरकारच ठरवू लागले. नंतर रुपयाचा दर १६ पेन्सांवर बांधण्यात आला.

केन्स या विख्यात इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली या व्यवस्थेची वाखाणणी केली. तज्ज्ञ माणसे काळजीपूर्वक चलन सांभाळतात, सोने फुकट अडकून पडत नाही, मग आणखी काय हवे, असा त्याचा सूर होता. आंबेडकरांनी याला साफ विरोध केला. ते म्हणाले, पौंडाशी असलेला दर स्थिर राहिला म्हणून रुपया स्थिर झाला असे होत नाही. देशातल्या बाजारात रुपयाला काय मिळते, हे पाहायला हवे. आणि सरकारला वाटेल तेवढे रुपये पाडता येतात तोवर ते कधीच भरवशाचे राहणार नाही, कारण सांभाळणारा कितीही शहाणा असला तरी त्याच्यावर अडचणीच्या वेळी दडपण येणारच.

त्या पुस्तकातला आणखी एक विचार आपल्या कामाचा आहे. रुपया घसरला की निर्यात वाढते, व्यापार वाढतो, देशाचा फायदा होतो, असे त्या काळी पुष्कळ जण म्हणत. आंबेडकरांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? भाव चढतात झपाट्याने, आणि मजुरी चढते रडतखडत. मधला फरक मालकाच्या खिशात जातो. म्हणजे देशाने काही कमावले नाही. कष्टकऱ्याचे घेऊन दुसऱ्या वर्गाला दिले. पुढे १९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनाच्या चौकशीसाठी शाही आयोग आला, तेव्हा त्याच्यापुढे साक्ष देताना आंबेडकरांनी उपायही सांगितला. टांकसाळी लोकांना बंद आहेतच, त्या सरकारलाही पूर्ण बंद कराव्यात; रुपयांची संख्या आहे तिथेच गोठवावी; आणि जोडीला सोन्याचे नाणे चालू करावे. हेतू हा की सरकारच्या इच्छेने चलन वाढताच कामा नये.

म्हणून आंबेडकरांना व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हणावे काय? तसे म्हणणे बरोबर होणार नाही. १९४७ साली त्यांनी मोठे उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या ताब्यात असावी अशी योजना मांडली होती. पण चलनाच्या प्रश्नावर, राज्यकर्त्याच्या मर्जीला लगाम घालावा या मुद्द्यावर, ते आणि व्यक्तिस्वातंत्र्यवादी एका रांगेत येतात. गरिबाची कड घेणारा माणूस वेगळ्या वाटेने चालत त्याच ठिकाणी पोचला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तिकडे युरोपात हीच चर्चा चालू होती. ऑस्ट्रियाच्या मिझेस याने १९१२ साली पैशावर ग्रंथ लिहून सांगितले की, बँकांनी बचत नसताना कर्जे स्वस्त केली की उद्योगांना खोटी पालवी फुटते. व्याजाचा दर कमी पाहून जो तो विहीर खणायला आणि कारखाना काढायला निघतो, पण तेवढी वीट, तेवढे लोखंड आणि तेवढे साठविलेले धन मुळात नसतेच. मग कामे अर्धवट राहतात आणि मंदी येते. दहा वर्षांतच जर्मनीत नोटांचा महापूर आला. १९२३ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. जन्मभर साठविलेल्या पुंजीत भाकरीसुद्धा येईना. आपल्या काळात, २००८ साली, झिंबाब्वेतही असेच घडले. लोकांनी स्वदेशी नोट टाकून परक्या देशांचे चलन वापरायला सुरुवात केली.

रोगाविषयी या पंथाचे एकमत आहे, औषधाविषयी मात्र नाही. मिझेसचे म्हणणे, सोन्याकडे परत चला. सोने छापता येत नाही. अमेरिकेचा मिल्टन फ्रीडमन म्हणे, सोने नको, पण नियम हवा. दर वर्षी चलन ठराविक टक्केच वाढवावे आणि अधिकाऱ्याच्या अकलेवर काही ठेवू नये. मिझेसच्या पठडीतलाच हायेक याने १९७६ साली सगळ्यांत धाडसी सूचना केली. तो म्हणाला, पैसा काढण्याची सरकारची मक्तेदारीच मोडा. निरनिराळ्या बँकांना आपापल्या नावाचा पैसा काढू द्या. जी बँक आपला पैसा टिकाऊ ठेवील तिचा पैसा लोक घेतील, आणि जी भरमसाट छापील तिला कोणी विचारणार नाही.

हे ऐकून हसू येईल. पण आपल्याकडे याचा थोडा अनुभव आहे. पेशवाईत टांकसाळी खाजगी माणसांना सनदा देऊन चालवीत. चांदवडी, अंकुशी असे अनेक रुपये बाजारात फिरत. सराफ रुपया हातात घेई, वाजवी, कसाला लावी, आणि उणा असेल तर बट्टा कापून घेई. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो ते यावरूनच. नाण्यात खोट घालणाऱ्याचे नाणे बट्ट्याने उघडे पडे, हा त्यातला गुण. हायेकला हवे होते ते हेच. पण दुसरी बाजूही पाहा. सराफाला कस कळे, कुणब्याला थोडाच कळे? बाजाराला आलेल्या शेतकऱ्याला बट्ट्याच्या हिशेबात नागवणे सोपे होते. एकच एक रुपया सगळीकडे चालतो याचे मोल अशा माणसाला विचारावे.

आता स्वतंत्र भारताकडे येऊ. हिल्टन यंग आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली होती. १९३४ चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. सुरुवातीला ती भागधारकांची होती; १ जानेवारी १९४९ पासून ती सरकारच्या मालकीची झाली. मूळ कायद्यात एक लगाम होता. काढलेल्या नोटांच्या पाठीशी निदान ४० टक्के सोने आणि परदेशी रोखे असलेच पाहिजेत, अशी ती अट होती. १९५६ साली ही अट गेली. १९५७ पासून नियम असा झाला की एकूण २०० कोटी रुपयांचा साठा असावा, त्यात ११५ कोटींचे सोने असावे, म्हणजे झाले. मग नोटा कितीही काढा.

ही अट नेमकी त्याच वेळी का गेली? कारण दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होत होती. सरकारी खर्च ४,८०० कोटींचा आणि त्यातले १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे बहुतांशी नव्या पैशातून, उभे करायचे होते. १९५५ साली योजनेचा विचार करण्यासाठी अर्थतज्ज्ञांचे मंडळ नेमले होते. अध्यक्ष होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, म्हणजे आपल्या कुलाबा जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पुण्याचे धनंजयराव गाडगीळही त्यात होते. या मंडळींत एकाच माणसाने भिन्न मतपत्रिका जोडली. ते अहमदाबादचे प्राध्यापक बी. आर. शेणॉय. त्यांनी लंडनमध्ये हायेकची व्याख्याने ऐकली होती.

शेणॉय यांचे म्हणणे थोडक्यात असे. धरण बांधायला सिमेंट, लोखंड आणि मजुरांना धान्य लागते. ते लोकांच्या बचतीतून येते. छापखान्यातून येत नाही. बचतीपेक्षा मोठी योजना आखली तर भाव चढतील. भाव चढले की सरकार परवाने, नियंत्रणे आणि भावबंदी आणील, आणि त्याचा जाच वाढत जाऊन लोकशाहीलाच धोका पोचेल. त्या वेळी हे कोणाला पटले नाही. पुढे काय झाले? १९५७ साली परकीय चलनाची तीव्र टंचाई आली. योजनेच्या पाच वर्षांत घाऊक भाव सुमारे ३० टक्क्यांनी चढले. आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन करावे लागले, डॉलरला ४.७६ रुपये पडत होते ते ७.५० पडू लागले. मात्र न्यायाने बोलायचे तर सगळा दोष नोटांचा नव्हता. मधल्या काळात दुष्काळ पडले, १९६५ ची लढाई झाली. आणि भिलाई, राउरकेला येथील पोलाद कारखाने त्याच योजनेत उभे राहिले, हेही विसरता येणार नाही.

नियंत्रणांविषयीचे भाकीत शेतकऱ्याच्या तर अंगणातच उतरले. १९५५ साली जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. भाव चढला की साठ्यावर मर्यादा, जिल्हाबंदी, निर्यातबंदी ही हत्यारे बाहेर निघू लागली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर घातलेली बंदी मे २०२४ मध्ये उठली. या सगळ्याविरुद्ध महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी आयुष्यभर खुल्या बाजाराची बाजू मांडली. व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचारतात, रुपया पातळ करणारा एक आणि भाव पाडून घेणारा दुसरा, हा कोणता न्याय?

रुपया पातळ कसा होत असे, तेही सांगतो. १९५५ पासून अशी वहिवाट पडली की केंद्र सरकारच्या खात्यातली शिल्लक शुक्रवारी ५० कोटींच्या खाली गेली की रिझर्व्ह बँकेने तात्पुरत्या हुंड्या घेऊन ती भरून काढायची. नाव तात्पुरत्या हुंड्या, पण एक फिटली की दुसरी निघे. कोणी मागावे लागत नसे, कोणी नाही म्हणत नसे. ही सवय सुमारे चाळीस वर्षे चालली आणि शेवटी करार होऊन १ एप्रिल १९९७ पासून बंद झाली. आता सरकारला बँकेकडून अल्प मुदतीची उचल मिळते, पण मर्यादेत, व्याजाने आणि परतीच्या बोलीवर.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग सरळ सोनेच आणा की! पण थांबा. जे माप मुळीच हलत नाही तेही गरिबाचा गळा आवळू शकते, आणि तो धडा दख्खनने घेतला आहे. १९२९ नंतर जगभर मंदी आली. अमेरिकेत १९२९ ते १९३३ या काळात बँका कोसळून चलन सुमारे एकतृतीयांशाने आटले. आपल्याकडे रुपया १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सांवर घट्ट बांधलेला होता. शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. शेतसारा मात्र तोच, आणि सावकाराचा आकडाही तोच. शंभर रुपये कर्ज फेडायला आधी जितकी पोती विकावी लागत, त्याच्या दुप्पट विकायची पाळी आली. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सोने सोडले, सोन्याचा भाव चढला, आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचे सोने मोडून बोटीने परदेशी गेले. ज्या देशांनी सोन्याची दावण लवकर तोडली ते मंदीतून लवकर सावरले, असे पुढच्या अभ्यासांत आढळून आले. म्हणजे माप लहान झाले तर सालदार बुडतो आणि मोठे झाले तर कर्जदार शेतकरी बुडतो. गंमत अशी की, एकाच घरात हे दोघेही असू शकतात.

फ्रीडमनने हा अनुभव मान्य केला होता. म्हणूनच त्याने सोने नको, नियम हवा असे म्हटले. २००९ सालापासून बिटकॉइन नावाचा संगणकावरचा पैसा निघाला आहे. त्याची संख्या २ कोटी १० लाखांवर जाणार नाही अशी योजना आहे, म्हणून या पंथातल्या पुष्कळांना तो आवडतो. पण त्याचा भाव आज एक, उद्या दुसरा. जे माप स्वतःच असे उड्या मारते त्याने वर्षभराची मजुरी कशी ठरवावी?

आपल्या देशाने शेवटी मधली वाट धरली. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन असे ठरले की महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवायची, दोनच्या खाली आणि सहाच्या वर जाऊ द्यायची नाही. व्याजाचा दर सहा जणांची समिती मतदानाने ठरवते. तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले. सलग तीन तिमाह्या मर्यादा ओलांडली तर बँकेने सरकारला लेखी कारण द्यावे लागते. २०२२ साली तशी वेळ आली. बँकेने पत्र दिले, पण ते लोकांपुढे मांडले गेले नाही.

व्यक्तिस्वातंत्र्यवादी यावर दोन गोष्टी विचारतील. चार टक्के म्हणजे अठरा वर्षांत भाव दुप्पट. एवढी घट कायद्यानेच मंजूर का करावी? आणि ज्याचा जाब द्यायचा तो लोकांना, मग पत्र बंद पाकिटात का? पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. मंदीत भाव कोसळू नयेत म्हणून थोडी जागा ठेवावी लागते; १९३१ ची आठवण ज्यांना आहे त्यांना ते पटेल. दुसऱ्या प्रश्नाला मात्र पटण्याजोगे उत्तर मिळत नाही.

तेव्हा या पंथाची औषधे घ्यावीत की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. सोन्याचा रुपया परत येईल असे दिसत नाही, आणि दहा बँकांचे दहा रुपये बाजारात आले तर आपल्या गावच्या बाजाराची तारांबळच उडेल. पण त्यांचा प्रश्न सोडता कामा नये, कारण तोच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आंबेडकरांनी मजुराच्या बाजूने विचारला होता. अंदाजपत्रक आले की आपण कोणते कर वाढले ते पाहतो. त्याच्या पुढे जाऊन हेही पाहावे की जमा आणि खर्च यांत तूट किती आहे, ती कोणाकडून कर्ज घेऊन भरणार आहेत, आणि रिझर्व्ह बँकेला त्यात किती ओढले आहे. हे आकडे वर्तमानपत्रात येतात. शिक्षकांनी ते फळ्यावर लिहावेत आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी मांडावेत. गावात महागाईची चर्चा निघाली की वाण्याला शिव्या देण्याआधी एवढे विचारावे: एकच वस्तू महागली आहे, की रुपयाच लहान झाला आहे? लहान झाला असेल, तर पायलीत लाकूड कोणी ठोकले आणि ते ठोकताना पाहायला आपल्यापैकी कोण होते?